घागरीतला मागूर

हिवराजकाका आमच्या बोडीच्या पाळीवर उभे होते आणि नाकावरचा दुपट्टा काही केल्या काढत नव्हते. त्यामुळे त्यांचं बोलणं रजईच्या आतून आल्यासारखं येत होतं. मला हसू आवरेना. प्रसंग हसण्याचा नाही हे कळायला मला त्यांचं पहिलं वाक्य पूर्ण ऐकावं लागलं.

"नलिनीबाई, राग नोका मानू. पण पुढच्या ग्रामसभेत तुमच्या बोडीचा विषय येणार आहे."

"कायले?" आई कमरेइतक्या पाण्यात उभी होती. तिने वरही पाहिलं नाही.

"कायले म्हणता? नाक नाही का तुम्हाले? वारं फिरलं का अख्खं गाव जेवणाचं ताट सोडून उठते. काल माह्या नातवाच्या मागं कुत्रे लागले, एकाच्या तोंडात हे एवढं लांब आतडं! पोट्ट्याले ताप भरला भीतीनं."

यावर आई तरी काय बोलणार? खरंच होतं ते.

बोडी म्हणजे आमच्या भंडाऱ्याकडचं छोटं तळं. ग्रामपंचायतीकडून आईने ते पाच वर्षांसाठी घेतलं होतं आणि त्यात मागूर सोडले होते. मिशावाला, काळा, गुळगुळीत, देशी मागूर. (परदेशी मागूर वेगळा, त्याच्यावर बंदी आहे. हे मी आजही प्रत्येकाला सांगते, विचारलं नाही तरी.) मागूर म्हणजे पक्का मांसाहारी जीव. नुसता कोंडा टाकला तर तोंड फिरवतो, आणि उपाशी ठेवला तर शेजाऱ्याची शेपटी खातो. सुकटीचा भुगा घालून केलेलं तयार खाद्य मिळतं, पण ते इतकं महाग झालं होतं की आई म्हणायची, एवढ्यात तर मी तुलाच दोन वेळा मटण खाऊ घालीन. म्हणून कोंबडीची आतडी.

आणि आतडी आणायची कोणी? मी! आचल ताराचंद दिघोरे, इयत्ता नववी, तुकडी ब. शाळा तालुक्याला, कोंबडीची दुकानं पण तालुक्याला. शाळा सुटली की सायकलच्या मागे झाकणाची बादली बांधायची आणि दोन दुकानं फिरून घरी यायचं. वर्गातली पोरं मला पाहून रेल्वे फाटक बंद केल्यासारखे हात आडवे करायची. "आली रे आली, आतडी एक्स्प्रेस! बाजूला व्हा!" आज मी बारावीत आहे आणि कोणी असं म्हटलं तर मी त्याला बसवून मागूर शिकवीन. तेव्हा मात्र मी मान खाली घालून पायडल मारायची.

"मंग का म्हणता तुम्ही?" आईने शेवटी विचारलं.

"बोडी बंद करा म्हणत नाही मी. आतडी बंद करा. सभेपर्यंत बंद झाली तं मी सोता उभा राहून सांगीन, बाईची बोडी बाईलेच राहू द्या. नाही झाली..." काकांनी दुपट्टा घट्ट केला. "तं लोकं परत घेतील. मी एकटा का करू?"

ते गेल्यावर आई पाण्यातून बाहेर आली आणि पाळीवर बसली. तिच्या पायाला गाळ लागला होता. तो तिने धुतला नाही.

"आई, दुसरं काही नाही का खात हे?"

"खातात नं. तुह्या बापाले विचार, मोठ्या तलावातून रोज पोतंभर बारीक मासोळी आणते का म्हणाव."

बाबा जातीने ढिवर, मच्छीमार सोसायटीत. मोठ्या तलावात त्यांना स्वतःच्या घरापुरते मासे मिळाले तरी तो दिवस चांगला.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी तालुक्याचा मुख्य रस्ता सोडला आणि कोष्टीपुऱ्याच्या गल्लीतून सायकल घातली. कारण वर्गातली पोरं त्या रस्त्याला नसतात. गल्लीच्या टोकाला उकिरड्यावर कावळ्यांची सभा भरली होती. कावळे, दोन बगळे, एक कुत्रा, आणि सगळे इतके मन लावून खात होते की माझ्या घंटीला कोणी हललं नाही. मी उतरून पाहिलं. तपकिरी, बोटाच्या पेराएवढे, जाडजूड किडे. उकडलेले. वास उग्र, पण आतड्यांच्या वासावर वाढलेल्या मुलीला काय त्याचं!

मी दोन उचलले, डब्याच्या झाकणात घेतले आणि घरी येऊन आईला न सांगता बोडीत टाकले.

पाणी उकळलं! खरंच सांगते, उकळलं. कुठून कुठून मिशा वर आल्या.

त्यापुढच्या दिवशी मी सरळ त्या उकिरड्याजवळच्या ओट्यापुढे सायकल उभी केली. ओट्यावर पाच-सहा बाया बसल्या होत्या. मधोमध चुलीवर मोठी हंडी. त्यात कोसा रेशमाचे कोष शिजत होते. बाया एकेक कोष घेऊन धागा काढत होत्या, आणि कोष संपला की आतला किडा बाजूच्या टोपल्यात टाकत होत्या. हंडीजवळ बसलेली बाई सगळ्यांत मोठी होती, पन्नाशीची असेल. रंगाने पिवळट, हाडं वर आलेली, पण नजर अशी की मी आपोआप चपला काढल्या.

"काकू, हे किडे तुम्ही फेकता का?"

"नाही, भाजी करतो," ती म्हणाली. बाया खिदळल्या. "तुले कायले पायजे?"

मी सांगितलं. सगळंच सांगितलं. बोडी, मागूर, आतडी, कुत्रे, हिवराजकाकांचा नातू, ग्रामसभा. एकदा सुरू झाले की मला थांबता येत नाही. बाया धागा काढायचं सोडून ऐकत बसल्या.

"कोणाची पोट्टी व तू?" मोठ्या बाईने विचारलं.

"ताराचंद दिघोरेची. ढिवर मोहल्ला, तिकडे मोठ्या तलावाजवळ."

तिच्या हातातला धागा तुटला. तिने धाग्याला एक शिवी घातली, ती इथे लिहिता येणार नाही. मग बराच वेळ तुटलेलं टोक शोधत राहिली.

"कोंबडीची आतडी चारता?" ती म्हणाली. "आणि मंग तो मासा लोकं खातात?"

"म्हणून तर किडे मागते आहे."

"मोठी चुरचुर बोलते. उद्या ये. गल्लीचे सगळे किडे जमा करून ठेवते. माह्याच हंडीत शिजतात सगळ्यांचे."

"तुमचं नाव, काकू?"

"नाव का करतं? किडे घेऊन जाजो."

पण शेजारची बाई बोललीच. "यशोदाबाई निनावे. या गल्लीची सरपंच समज!"

दुसऱ्या दिवशी घरी मी किड्यांची पिशवी आईपुढे उपडी केली आणि भाषण सुरू केलं. कावळे, बगळे, मिशा. आईने एक किडा उचलला, नाकाजवळ नेला आणि तशीच थांबली.

"राखेत उकडले आहेत," ती म्हणाली.

"हो ना. चुलीजवळ राखेचं मडकं होतं."

"आघाड्याची राख. बाकीचे सोडा टाकतात." तिने किडा परत ठेवला. "कोण आहे ती बाई?"

"यशोदाबाई. तुला माहीत आहे?"

"मले कोण माहीत असणार तिकडे?" आई उठली आणि तिने सूप काढलं. "गरम पाण्यातून काढा लागन. तेल आहे यांच्यात, पाण्यावर तवंग येईल."

मला एवढंच माहीत होतं की आई जन्माने कोष्टी. बाबांशी लग्न करायला ती पळून आली, आणि तिचं माहेर नागपूरला होतं, ते संपलं. लहानपणी कधी विचारलं की ती म्हणायची, "संपलं म्हणजे संपलं." बाबांना विचारलं तर ते जाळं शिवायला घ्यायचे.

पुढचे दिवस काय सांगू! गरम पाण्यातून काढलेले किडे छपरावर वाळत पडायचे आणि मी काठी घेऊन कावळे हाकायची. मग चक्कीवर. चक्कीवाला म्हणाला, "हे दळलं तर माझं गिऱ्हाईक जाईल." आई म्हणाली, "मग सगळ्यांच्या शेवटी दळ, आणि नंतर कोंडा टाकून चक्की पुसून काढ." तेव्हा कुठे तयार झाला. ते पीठ, कोंडा, थोडी शेंगदाण्याची ढेप (म्हणजे पेंड), सगळं एकत्र शिजवून लाडू. भोकं पाडलेल्या पोत्यात लाडू भरून पोतं बोडीत टांगायचं. मागूर येऊन पोत्याला असे लोंबायचे की पोतं जिवंत वाटायचं. आतडी बंद झाली. कुत्रे दोन दिवस वाट पाहून गेले. मी सायकलची बादली इतकी घासली की तिचा मूळ रंग निळा होता हे मला पहिल्यांदा कळलं!

रोज मी कोष्टीपुऱ्यात जायची. यशोदाबाई फार बोलायच्या नाहीत, पण प्रश्न विचारायच्या. तेही असे, जसे काही चुकून तोंडातून पडले.

"तुह्या घरी चूल आहे का गॅस?"

"दोन्ही आहे."

"तुही आई पाण्यात उतरते सोता?"

"हो. बाबांपेक्षा चांगलं पोहते."

"पाण्याले भेत होती..." त्या म्हणाल्या, आणि मग, "बाया पाण्याले भेतात म्हणलं मी."

आणि घरी आई विचारायची. हंडीत राख कालवता कालवता ती बाई खोकते का? दिसायला कशी आहे? एकटीच राहते का? मला वाटायचं, किड्यांची पुरवठादार म्हणून चौकशी. मी खुशाल सगळं सांगायची. "पिवळी पडली आहे गं. हात थरथरतात. दुपारी नुसता भात आणि मीठ-मिरची खाताना पाहिलं मी."

त्या दिवशी आईने बोडीतला एक मागूर काढला. हातभर लांब, सगळ्यांत तगडा. ओल्या पोत्यात गुंडाळून माझ्या निळ्या बादलीत घातला.

"रिकाम्या हातानं जाऊ नको आज. म्हणाव, मागूर आहे. अंगात रक्त नसलं तं मागूर खावा. जिताच न्या लागते, मेला का चव गेली."

मी बादली यशोदाबाईंपुढे ठेवली तेव्हा मागूर उडी मारून ओट्यावर पडला आणि बाया किंचाळत खाली उतरल्या. एकट्या यशोदाबाई जागच्या हलल्या नाहीत.

"हे कोणी पाठवलं?"

"आईने. अंगात रक्त नसलं तर..."

"मी विचारलं का तुले, अंगात रक्त आहे का नाही?" त्यांनी पोत्यानेच मासा पकडायचा प्रयत्न केला, तो दोनदा निसटला, शेवटी मीच तो घागरीत ढकलला आणि वर ताटली ठेवली. "जा आता. अंधार पडते."

दुसऱ्या दिवशी हंडी थंड होती. ओट्यावर कोणी नव्हतं. दार अर्धवट लोटलेलं आणि यशोदाबाई उंबऱ्याच्या आत, उजवा हात पदराखाली घेऊन.

"किडे नाहीत."

"उद्या येऊ?"

"उद्याही नाहीत. नको येत जाऊस."

शेजारच्या बाईला विचारलं तर ती म्हणाली, "हंडीच पेटवली नाही बाप्पा तिनं. काहून, कोणाले माहीत. तिले कोण विचारन?"

घरी हे सांगितलं तेव्हा आई ओसरीत बसून लसूण सोलत होती. तिने सगळं ऐकलं, आणि लसणाची टरफलं हाताने उगाच एकत्र करत राहिली.

"मासा पाठवाले नको होता मी," ती एवढंच म्हणाली.

"का? मासा छान होता!"

"ढिवराच्या घरचा मासा होता," आई म्हणाली आणि आत गेली. माझ्या डोक्यात प्रकाश पडला की यशोदाबाई जात पाहणाऱ्या निघाल्या. अशी सणकले मी!

तोवर घरातलं किड्यांचं पीठ संपलं होतं. शुक्रवारी सकाळी बोडीत एक मागूर तरंगताना दिसला. त्याची शेपटी नव्हती. दुपारी अजून दोन. आई पाळीवर उभी राहून बघत होती, आणि मग तिने न बोलता माझी निळी बादली आणून सायकलला बांधली.

"उद्या येताना दुकानातून घेऊन ये," ती म्हणाली.

"आई, सोमवारी सभा आहे!"

"मले नाही माहीत? सभेपर्यंत हे एकमेकाले खाऊन टाकतील. मंग कोणती बोडी वाचवाची आहे आपल्याले?"

शनिवारी शाळा सकाळची. सुटल्यावर मी दुकानाकडे वळायचं ते सरळ कोष्टीपुऱ्यात वळले. आयुष्यात मी मोठ्या माणसाशी कधी भांडले नव्हते. वर्गात बाईंनी प्रश्न विचारला तरी माझा आवाज पहिल्या बाकापर्यंत पोचत नसे. पण त्या दिवशी रस्ताभर मी मोठमोठ्याने वाक्यं पाठ करत गेले, बैलगाडीवाल्यांनी वळून पाहिलं तरी.

दार ढकललं आणि सुरू झाले.

"काकू, आमच्या घरचा मासा नको होता तर तेव्हाच परत द्यायचा. माझी आई कोष्टीच आहे, तुमच्यातलीच, पण ते जाऊ द्या, ढिवर असती तरी काय झालं असतं? आमचे मासे मरताहेत! एकमेकांना खाताहेत! तुम्ही एक मासा घेतलात आणि..."

यशोदाबाई जमिनीवर बसल्या होत्या. समोर दोन-चारच कोष, गार पाण्यात. डाव्या हाताने धागा काढायचा प्रयत्न चालला होता आणि तो सारखा तुटत होता. उजव्या हाताचं बोट केळ्याएवढं सुजलेलं, हळदीने पिवळं, चिंधीत बांधलेलं.

माझं भाषण तिथेच संपलं. "काय झालं बोटाला?"

"तुह्या माशानं मारलं."

"मागूरने? काटा?"

"मले का ठाऊक, त्याले काटा असते? कापाले घेतला, कंबरेत धरला, तं असा झटका देल्ला..." त्यांनी तोंड फिरवलं. "हात वरपर्यंत जळत होता. चार दिवस झाले, धागा धरता येत नाही. हंडी पेटवून का करू?"

"म्हणजे तुम्ही तो खाणार होतात?"

"पाठवला तं खाणार नाही का? फेकणार होती का?"

कोपऱ्यात घागर होती. मी ताटली उचलली. आत मागूर मस्त होता, मिशा हलवत, आणि पाण्यात कोषाच्या किड्यांची टरफलं. चार दिवस त्या त्याला चारत होत्या.

"मग सांगायचं ना! हात लपवून काय बसता?"

"का सांगू?" त्या एकदम ओरडल्या. "एक मासा कापता येत नाही म्हणून सांगू? ती हसली असती."

"कोण हसली असती?"

त्यांनी नुसतं लुगडं गुडघ्याच्या वर सरकवलं, डाव्या मांडीवर धागे ठेवले आणि डाव्याच तळव्याने ते वळायचा प्रयत्न करायला लागल्या. कोसा असाच काढतात. चार-पाच कोषांचे धागे मांडीवर घासून, पीळ देऊन. आजवर त्या बायांमध्ये हंडीच्या आडोशाला बसायच्या, म्हणून मी कधी नीट पाहिलं नव्हतं. मांडीवर तळहाताएवढा एक डाग होता. काळसर, चकचकीत, घासून घासून चामड्यासारखा झालेला.

तो डाग मी रोज पाहते. आई न्हाणीत बसून मला पाठ चोळायला बोलावते तेव्हा. तिच्या डाव्या मांडीवर, त्याच जागी, तेवढाच.

"माझ्या आईलाही असाच आहे," मी म्हटलं. "ती म्हणते, लहानपणी भाजलं."

यशोदाबाईंचा तळवा थांबला.

"भाजलं म्हणते?" त्या म्हणाल्या. "या जागेवर, माह्या बाजूले बसून सूत काढलं तिनं. आठ वर्षांची होती तवापासून. माय मेली तं मीच बसवलं तिले. आणि म्हणते भाजलं."

मी घागरीजवळच बसले.

"नागपूर..." मी म्हटलं.

"कायचं नागपूर? इथून तुह्या बापाच्या सायकलवर बसून गेली. मी म्हणलं होतं, ढिवराच्या घरी चालली असशील तं मी मेली समज. माणूस रागात म्हणते नं व? ते खरंच समजली." त्यांनी चिंधीच्या बोटाने डोळा पुसायला घेतला, हळद झोंबली आणि अजून एक शिवी हासडली. "सोळा वर्षं झाली. सात-आठ किलोमीटरवर राहते. तू दारात उभी राहून बापाचं नाव सांगतलं, तवा कळलं का तिले पोरगी आहे."

घरापर्यंतची सायकल मी कशी चालवली ते मला आठवत नाही. चेन एकदा उतरली, ती चढवताना हात काळे झाले, एवढं आठवतं. आई पाळीवर रिकाम्या पोत्याला ठिगळ लावत होती. बाबा शेजारी जाळं घेऊन बसले होते.

"आणली का आतडी?"

"मावशीच्या बोटाला मागूर लागलाय," मी म्हटलं.

मावशी. असं म्हटल्यावर दोघांनीही मान वर केली. बाबांच्या हातातली सुई तशीच राहिली. मी धापा टाकत सगळं सांगितलं, कोष, चिंधी, हळद, घागर, डाग. मला वाटलं आई रडेल. मला वाटलं ती आत जाऊन दार लावेल.

"कंबरेत धरला?" आई म्हणाली.

"काय?"

"मागूर. कंबरेत धरला म्हणाली का ती?"

"हो."

"अगाई, येडी आहे का ही बाई? हाताले राख लावा लागते, डोक्याच्या मागून काट्याखाली बोटं घाला लागतात! मलेही पहिल्या साली लागला होता, तवा दोन दिवस तापानं पडली होती मी. आणि ही तशीच बसली? चार दिवस? दवाखान्यात गेली का?"

"हळद लावली आहे."

"हळद!" आई उठली. घरात गेली आणि पावशी घेऊन बाहेर आली, मासे कापायची मोठी, लाकडी पाटाची. ती तिने जुन्या साडीत गुंडाळली, माझ्या सायकलच्या कॅरिअरवर स्वतः बसली आणि मांडीवर पावशी ठेवली. "चाल."

"आई, साडी तरी बदल, गाळ लागलाय!"

"चाल म्हणलं नं."

बाबा उठून उभे राहिले, बसले, पुन्हा उठले. "मी..." ते म्हणाले.

"तुम्ही पाण्याकडे लक्ष ठेवा," आई म्हणाली.

आईचं वजन, पावशीचं वजन आणि समोरून वारा! चढावर मी उतरले तर आई उतरेना. तिला बहुधा कळलंच नाही आम्ही चढावर आहोत ते.

कोष्टीपुऱ्यात तिने रस्ता विचारला नाही. ओट्याची पायरी चढली, दार ढकललं, मावशीकडे पाहिलं, आणि पहिलं वाक्य काय बोलली असेल?

"दाखव हात."

मावशीने दाखवला. आईने चिंधी सोडली, बोट दाबून पाहिलं, मावशी ओरडली, आई म्हणाली, "ओरडू नको, पू नाही झाला. उद्या सकाळी सुई घ्याले जाऊ." मग चुलीजवळची राख दोन्ही हातांना चोळली, घागरीत हात घातला आणि मागूर असा वर काढला जसं कोणी पाण्यातून तांब्या काढतं.

"हे पाय," ती मावशीला म्हणाली. "इथी. इथी दोन्हीकून काटे आहेत. त्याच्या मागून."

"मले कायले शिकवते? मी का रोज मागूर कापणार आहे?"

"मी रोज पाठवणार आहे."

आईने पावशी पायाखाली धरली आणि कामाला लागली. दोघींपैकी कोणीच सोळा वर्षांचं नाव काढेना. मावशी म्हणाली, मसाला संपला आहे. आई म्हणाली, जवस-खोबरं आहे का, तेवढंच पुरे. मावशी म्हणाली, किती जाड तुकडे करतेस. आई म्हणाली, मागूर आहे, कोथिंबीर नाही.

आता सभेचं सांगून टाकते, नाहीतर राहून जाईल. रश्शाला उकळी येईपर्यंत आईने हंडी पेटवली. हात धुतले, साडीचा काठ वर घेतला आणि मावशीच्या जागेवर बसून सूत काढायला लागली. धागा एकदाही तुटला नाही. धूर पाहून गल्लीतल्या बाया आपापले कोष घेऊन आल्या, आधी दारातच उभ्या राहिल्या आणि मग एकेक करून बसल्या. टोपलं भरू लागलं. सोमवारपर्यंत बोडीत पोतं पुन्हा टांगलं गेलं होतं. सभेत कोणीतरी विचारलंच, आता किडे चारता, उद्या आणखी काय? तेव्हा मी उभी राहिले. आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला, हे मला लोकांच्या वळलेल्या माना पाहून कळलं. मी किती वेळ बोलले माहीत नाही. हिवराजकाका म्हणाले, "बाई, बोडी घ्या, पण हिले बसवा!" बोडी राहिली. आजही आहे.

पण मला सांगायचं आहे ते त्या शनिवारचं.

दिवे लागायची वेळ होती. बाया गेल्या होत्या. मावशीने डाव्या हाताने तीन ताटं काढली. कढईत डोकावली, पळीने तुकडे हलवले, पुन्हा डोकावली.

"एवढा मोठा मासा," ती म्हणाली. "तिघींले संपते का?"

"उरला तं सकाळी खाजो," आई म्हणाली.

"सकाळी मागूर गार होऊन चिकट होते. कोणी खाते का तसा?"

आई चुलीत लाकूड सरकवत राहिली, जे आधीच आत होतं.

मावशीने माझ्याकडे पाहिलं. "फोन आहे का व तुह्यापाशी?"

आईचा फोन माझ्याच दप्तरात असायचा. मी काढला.

"लाव मंग तुह्या बाबाले."

आईचा हात लाकडावर थांबला. मी नंबर लावला. दोन रिंगमध्ये बाबांनी उचलला, म्हणजे ते फोन हातात धरूनच बसले असणार.

"बाबा, मावशी जेवायला बोलावते आहे."

मला वाटलं फोन कट झाला. मग बाबांनी हळूच एक प्रश्न विचारला आणि मी तो आधी समजून न घेता मोठ्याने सांगून टाकला.

"बाबा विचारताहेत, कोणता शर्ट घालू?"

आई हसायला लागली. तोंडावर पदर धरून, खांदे हलेपर्यंत हसली, आणि ते हसणं मध्येच कधी रडण्यात गेलं ते तिलाही कळलं नसावं. मावशीने चौथं ताट काढलं आणि ते पदराने पुसलं.

"म्हणाव, असन तो घाल," ती म्हणाली. "आणि लवकर ये म्हणाव. रस्सा आटून राहिला."